कचेरींतलें जाळें

‘जाळें’ या शब्दाची आमच्या भाषेंतील कीर्ति फारशी चांगली नाहीं. पारध्याचें जाळें, कोळ्याचें जाळें, मायेचें जाळें, असे त्याचे जितके उपयोग आठवावे तितके कोणी तरी फसल्याचे किंवा कोणाला तरी फसविल्याचेच निघतात. अलीकडे मात्र या शब्दाला एक नवा अर्थ प्राप्त झाला आहे. आणि तो असा कीं, ज्यांत लोक आपण होऊन, पैसे मोजून आणि वर वायरमनचें आर्जव करून सांपडतात तें जाळें. आमच्या कचेरींतील सहा संगणक एकमेकांस जोडण्याचें काम नुकतेंच पुरें झालें, आणि त्या निमित्तानें या नव्या अर्थाचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर आला. हें काम तारांचें, खिळ्यांचें व हातोडीचें. त्यांत विचार तो कसला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, तारा ओढून झाल्या दोन दिवसांत. पण त्यांतून काय वाहावें आणि काय वाहूं नये याचा निर्णय होण्यास दोन महिने लागले. लहानशा कचेरींतील जाळ्याचा खरा इतिहास त्या दोन महिन्यांचा आहे.

आमची कचेरी नारायण पेठेंतील एका जुन्या दुमजली वाड्यांत आहे. वरच्या मजल्यावर संपादनाचें व मुद्रितें तपासण्याचें काम चालतें. खालीं हिशेब, वर्गणीदारांची नोंद आणि टपाल. संगणक आमच्याकडे एकदम आले नाहींत. जशी गरज पडली आणि जशी शिल्लक राहिली तसे ते एकेक करून येत गेले, आणि प्रत्येकानें आपापल्या टेबलावर एक स्वतंत्र संस्थान स्थापन केलें. एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत लेख न्यावयाचा तर तो बोटभर लांबीच्या पेन-ड्राइव्हमध्यें भरून, सदऱ्याच्या खिशांत घालून, जिन्यानें न्यावा लागे. त्यामुळें एकाच लेखाच्या चार प्रती चार ठिकाणीं राहत; त्यांतील एकीचें नांव ‘अंतिम’, दुसरीचें ‘नवी अंतिम’, तिसरीचें ‘खरी अंतिम’ असें असे, आणि चौथीला नांव देण्याचें त्राण कोणांतच उरलेलें नसे. यांपैकीं छापखान्याकडे कोणती जावयाची हें स्मरणशक्तीवर सोंपवावें लागे. आणि स्मरणशक्ति कितीही चांगली असली तरी महिनाअखेरीस ती थकलेली असते. प्रिंटर एकच होता, आणि तो ज्या संगणकाला बांधलेला होता त्याचा धनी रजेवर गेला कीं प्रिंटरही रजेवर जाई. ही अव्यवस्था फार दिवस चालूं देणें इष्ट नव्हतें, म्हणून जाळें बांधावयाचें ठरलें.

वस्तुतः एका ठिकाणचा ठेवा अनेक ठिकाणीं पोंचविण्यासाठीं मार्ग बांधणें ही कल्पना पुण्यास नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळांतून शहरांत आणण्यांत आलें. केवळ उताराच्या बळावर वाहत येणारें हें पाणी शनिवारवाड्यांत पोंचे आणि पेठापेठांतील हौदांत उतरे. या नळांवर ठिकठिकाणीं ‘उच्छ्वास’ नांवाचीं उभीं बांधकामें ठेवलेलीं होतीं. नळ कोठें तुंबला आहे हें पाहावयाचें तर एका उच्छ्वासापासून दुसऱ्यापर्यंत पाहत जावें; आणि आमच्या वायरमननें तारेंतील बिघाड शोधण्याची जी रीत आम्हांस दाखविली ती तत्त्वतः याहून निराळी नव्हती. आमच्या पिढीच्या आठवणींतील दाखला पाहिजे असेल तर तोही याच शहरांत आहे. महासंगणक देण्यास अमेरिकेनें आडकाठी केल्यावर १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांतील युक्ति ही कीं, एकच प्रचंड यंत्र करण्याच्या भरीस न पडतां ट्रान्सप्यूटर नांवाचे लहान लहान गणकच एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकच काम वांटून करून घ्यावें. डॉ. जयंत नारळीकर यांनीं विद्यापीठाच्या आवारांत उभारलेल्या ‘आयुका’ या संस्थेंतून ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचें पुण्यांतील केंद्र चाले. १९९५ सालच्या १५ ऑगस्टला सरकारी कंपनीनें मुंबई-दिल्लीच्या सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. विद्वानांच्या मंडळींत मात्र त्याचा वापर त्यापूर्वींच सुरू झालेला होता. तेव्हां सहा संगणक जोडण्यांत आम्ही कांहीं अपूर्व करीत आहों असा आमचा मुळींच समज नव्हता. मोठ्यांचा उद्योग एके दिवशीं लहानांच्या अंगणांत येतो, तसाच हाही आला.

प्रथम प्रश्न आला तो असा कीं, तार घालावी कीं बिनतारी काम भागवावें. बिनतारी साधन स्वस्त व सुटसुटीत, भिंतींस भोंक पाडण्याचें कारण नाहीं, असें पुष्कळांचें मत पडलें. परंतु आमचा वाडा ज्यांनीं बांधला त्यांच्या डोळ्यांपुढें आगी, पेंढारी व पाऊस हे शत्रु होते. रेडिओच्या लहरी त्यांच्या हिशेबांत नव्हत्या. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींतून जातां जातां त्या लहरी इतक्या क्षीण होतात कीं, पलीकडच्या खोलींत त्यांचें अस्तित्व असून नसल्यासारखें होतें. आणि त्यांतही ज्या लहरींचा वेग अधिक त्यांचें भिंतीपुढें बळ कमी. म्हणून मुख्य काम तारेनेंच करावें, आणि बिनतारी सोय केवळ आल्यागेल्यापुरती ठेवावी, असें ठरलें.

तार आणावयास आम्ही बुधवार पेठेंत तपकीर गल्लींत गेलों. तेथें एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या आणि एकाच नांवाच्या दोन वेटोळ्यांच्या किंमतींत बरेंच अंतर दिसलें. दुकानदार सरळ होता. त्यानें कातरीनें दोन्हींचीं टोकें खरवडून दाखविलीं. एकींत आंतून शुद्ध तांबें होतें. दुसरींत वरून तांब्याचा मुलामा आणि आंत अॅल्युमिनियम. मुलाम्याची तार अंतर वाढतांच दुबळी पडते आणि वाकवितांना लवकर तुटते. भिंतींत एकदां पुरलेली वस्तु पुन्हां उकरावयाची नसते, हें ध्यानांत घेऊन आम्हीं तांब्याची घेतली. या तारेची मर्यादा शंभर मीटर सांगितलेली आहे. आमच्या वाड्यांत सर्वांत लांबचें टोक त्याच्या निम्म्यावरही नव्हतें.

ही तार आंतून पाहण्यासारखी असते. वरचें आवरण सोललें कीं आठ बारीक तारा निघतात, आणि त्या आठांच्या चार जोड्या एकमेकींस पीळ देऊन बसविलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरून विजेचा जो उपद्रव होतो तो जोडींतील दोन्ही तारांस जवळ जवळ सारखाच होतो, आणि पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचतें. त्यामुळें दोघींवर आलेलें संकट वजा होऊन जातें व मजकूर तेवढा उरतो. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल यानें या युक्तीचें पेटंट १८८१ सालीं घेतलें, आणि एवढ्या वर्षांनीं तीच युक्ति आमच्या जिन्याखालीं काम करीत आहे. चारी जोड्यांचा पीळ सारखा नसतो. कांहीं घट्ट, कांहीं सैल, म्हणजे एका जोडीची कुजबूज दुसरीला ऐकूं जाऊं नये. टोकाला काचेसारखें पारदर्शक बूच बसवितांना आठ तारांचा क्रम ठरलेला असतो: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आमचा वायरमन विशीच्या आंतबाहेरचा मुलगा होता. हा क्रम तो परवचा म्हणावा तसा पुटपुटत असे, आणि प्रत्येक तारेच्या दोन टोकांस एक लहानशी डबी लावून म्हणे, “काका, आठही दिवे ओळीनें लागले म्हणजे तार बरोबर. एक जरी मागें-पुढें झाला तरी पुन्हां करायची.” एका तारेचा सहावा दिवा तिसऱ्याच्या जागीं लागला. त्यानें कांहींएक न बोलतां बूच कापून टाकलें आणि पुन्हां आरंभ केला. आम्ही मुद्रितें तपासण्याच्या धंद्यांतील माणसें. अशा माणसाविषयीं आम्हांस आदर न वाटता तरच नवल.

सर्व तारा जिन्याखालच्या कोनाड्यांत एका चपट्या पेटींत येऊन मिळतात. तिला स्विच म्हणतात. पूर्वीं या जागीं जी पेटी असे ती आलेला निरोप सर्वांनाच ओरडून सांगे, आणि ज्याचा असेल त्यानें तो घ्यावा अशी व्यवस्था होती; चौकांत उभा राहून सर्व बिऱ्हाडांचीं नांवें पुकारणाऱ्या पोस्टमनसारखी. स्विच हा प्रत्येकाचें दार ओळखणारा पोस्टमन आहे. कोणत्या तारेच्या टोकाला कोण राहतो हें तो येणाऱ्या निरोपांवरून स्वतःच शिकतो, आणि ज्याचें पत्र त्याच्याच दारांत टाकतो. याच्याही पूर्वींची, नव्वद सालाच्या सुमाराची व्यवस्था आमच्या एका स्नेह्यांनीं पाहिलेली आहे. तेव्हां एकच जाड तार साऱ्या कचेरींतून फिरविलेली असे, आणि तिच्या टोकाचें बूच कोणाच्या पायानें निघालें कीं सर्वच कचेरी मुकी होई.

या विद्येचा पाया १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं घातला. त्यांनीं आपल्या जाळ्यास ‘ईथरनेट’ असें नांव दिलें. ईथर म्हणजे प्रकाशास वाहून नेणारें म्हणून पदार्थशास्त्रानें एके काळीं मानलेलें सर्वव्यापी द्रव्य; १८८७ सालच्या मायकेलसन व मोर्ले यांच्या प्रयोगापासून त्याचे दिवस भरत आले, परंतु शास्त्रांतून हद्दपार झालेला तो शब्द अशा रीतीनें कचेरींत येऊन राहिला. त्यांच्या मूळ योजनेंत एक नियम आहे तो आम्हांस फार आवडतो. बोलण्यापूर्वीं प्रत्येकानें ऐकावें. शांतता असेल तरच बोलावें. आणि दोघे एकदम बोलूं लागले तर दोघांनींही तत्काळ थांबून, कमीअधिक वेळ वाट पाहून, मग पुन्हां बोलावें. स्विच आल्यापासून यंत्रांना या नियमाची गरज फारशी उरलेली नाहीं. पुण्यांतील सार्वजनिक सभांस तो लागू करतां आला तर त्याचें चीज होईल.

प्रत्येक संगणकास एक अंक द्यावा लागतो. तें त्याचें घर. आमच्याकडील अंक १९२·१६८·१ या मालिकेंतील आहेत, आणि तेच अंक जगांतील लाखों घरांत व कचेऱ्यांत आहेत. १९९६ सालीं झालेल्या संकेतानुसार कांहीं मालिका खासगी वापरासाठीं राखून ठेवलेल्या आहेत. त्या भिंतींच्या आंत चालतात, बाहेर नाहीं. मग बाहेरच्या जगाशीं व्यवहार कसा होतो? त्यासाठीं उंबरठ्यावर राउटर नांवाची पेटी असते, आणि तिचें वर्तन थेट एकत्र कुटुंबांतील कर्त्यासारखें असतें. आंतील कोणींही मागणी केली तरी ती बाहेर जाते कर्त्याच्या नांवानें. उत्तर येतें तेंही कर्त्याच्याच नांवावर. आणि मग तो तें ज्याचें त्यास देतो. बाहेरच्यास घरांत माणसें किती, कोण कोठें बसतें, यांतलें कांहींच कळत नाहीं. आंतून कोणीं विचारलें नसतां बाहेरून आलेलें पत्र कर्ता दारांतूनच परत लावतो. एकत्र कुटुंबें पुण्यांतून बहुतेक गेलीं. त्यांची रीत मात्र प्रत्येक घरांतील राउटरमध्यें नांदते आहे.

येथवरचें काम दोन दिवसांचें. तिसऱ्या दिवशीं सर्व संगणक एकमेकांस दिसूं लागले, एक सामाईक साठवणयंत्र कोनाड्यांत बसविण्यांत आलें, आणि मग प्रश्न निघाला कीं त्यांत ठेवावयाचें काय, व तें पाहावयाचें कोणीं.

वर हौदाचा दाखला दिला. त्यांत आणि या जाळ्यांत एक मोठा भेद आहे. हौदांतून कोणीं घागर भरली कीं हौदांतलें पाणी तितकें कमी होतें, आणि तें दिसतें. जाळ्यांतून कोणीं कागद नेला तर मूळ कागद जेथल्या तेथें, जसाच्या तसा राहतो. चोरी झाली हें चोरी झालेल्याला कळतच नाहीं. कागदी दप्तराच्या काळीं आमच्या कचेरींत बहुतेक कपाटांना कुलुपें नव्हतीं, आणि त्यांची उणीव कधीं भासली नाहीं. कारण कपाट उघडलें तर तें वाजे, समोर कोणी ना कोणी बसलेलें असे, आणि दुसऱ्याचें दप्तर त्याच्यादेखत चाळणें शिष्टाचारास सोडून होई. आमचें संरक्षण कुलुपानें नव्हे, डोळ्यांच्या मर्यादेनें चालत होतें. जाळें आलें आणि ती मर्यादा एका क्षणांत नाहींशी झाली. आतां कोणाचाही हात, कोणास न दिसतां, कोणत्याही कपाटांत जाऊं शकतो.

हें सर्वांआधीं ओळखलें तें आमच्या वृद्ध हिशेबनिसांनीं. आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं खतावण्या लिहिण्यांत घालविला. संगणकही ते उतारवयांत शिकले आणि नेटका शिकले. त्यांनीं आपला हिशेब जाळ्यावर ठेवण्यास नकार दिला तेव्हां तरुण मंडळींना वाटलें, हा जुन्या माणसाचा नव्याविषयींचा आकस आहे. परंतु त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें तें असें: “माझ्या वहींत दुसऱ्याचा हात पडला तर अक्षरावरून कळत असे. या यंत्रांत सर्वांचें अक्षर सारखेंच. उद्यां एखादा आंकडा फिरला तर तो मीं फिरविला नाहीं हें मी कशावरून दाखवूं? इतक्या वर्षांची अब्रू आहे माझी. ती तुमच्या तारेवर वाळत घालूं कां?”

या प्रश्नावर कोणी हंसलें नाहीं. त्यांची हरकत यंत्राला नव्हती. जबाबदारी निनांवी होण्याला होती. आणि त्यांची शंका निराधार म्हणावी अशीही नव्हती. बहुतेक लहान कचेऱ्यांची रीत अशी कीं, सर्वांचें मिळून एकच नांव, सर्वांचा मिळून एकच परवलीचा शब्द, आणि तो विसरूं नये म्हणून संगणकाच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला. याला आपण आपसांतला विश्वास म्हणतों. पण जेथें सर्वांचें नांव एक तेथें केलेल्याचें श्रेय कोणाला नाहीं आणि बिघडविल्याचा दोषही कोणाला नाहीं. किंवा खरें बोलावयाचें तर, दोष त्यांतल्या त्यांत गरीब माणसाच्या माथीं बसतो. हिशेबनीस हें आपल्या अनुभवानें जाणत होते.

म्हणून आधीं त्यांच्याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आलें. प्रत्येकास स्वतःचें नांव आणि स्वतःचा परवलीचा शब्द, जो तो दुसऱ्यास, अगदीं संपादकांसही, सांगणार नाहीं. सामाईक साठवणींत प्रत्येक कप्प्यावर कोणीं लिहावें व कोणीं नुसतें वाचावें याची नेमणूक. कोणीं, केव्हां, कोणता कागद उघडला किंवा बदलला याची नोंद यंत्रानें आपोआप ठेवावी, आणि बदललेल्या कागदाची आधींची प्रत कांहीं काळ राखावी. हिशेबाच्या कप्प्यांत लिहिणार हिशेबनीस एकटे. वाचणार आणखी एकच. त्यांनीं नोंदींचें तें पान आम्हांकडून उघडवून घेतलें, आपल्याच नांवाची ओळ तारीख-वेळेसह वाचली, आणि म्हणाले, “हें अक्षर चालेल.” मग आपल्या बाजूनें त्यांनीं एक अट घातली: दर महिनाअखेर खतावणी कागदावर छापावी आणि तिच्यावर त्यांनीं शाईनें सही करावी. ती अट आनंदानें मान्य झाली. दुसरी सूचनाही त्यांचीच. आपण आजारी पडलों किंवा त्याहून पलीकडचें कांहीं झालें तर काम अडूं नये, म्हणून आपला परवलीचा शब्द कागदावर लिहून त्यांनीं तो मोहोरबंद लखोट्यांत घातला व तिजोरींत ठेवला. जो माणूस आपली वही दुसऱ्यास दाखवीत नाहीं म्हणून आडमुठा ठरत होता, त्यालाच आपल्यामागें कचेरी चालावी याची सर्वांहून अधिक काळजी होती.

दुसरा वाद वर्गणीदारांच्या यादीचा. यादी जाळ्यावर आली म्हणजे टपालवाल्यांपासून संपादकांपर्यंत सर्वांची सोय होईल, हें उघड होतें. पण त्या यादींत नांवें, पत्ते, दूरध्वनीचे अंक आणि कोणीं किती वर्षांची वर्गणी भरली हें सर्व आहे. एखादी एकटी राहणारी वृद्ध बाई आपला पत्ता आम्हांस देते तो मासिक मिळावें म्हणून. सहा टेबलांवरून वाचला जावा म्हणून नव्हे. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याच्या मुळाशीं तत्त्व हेंच आहे कीं माहिती ज्या कामासाठीं घेतली त्या कामापुरतीच ती वापरावी. पण कायदा नसता तरी सभ्यतेचा नियम हाच झाला असता. शेवटीं पूर्ण यादी एकाच माणसाकडे राहिली. टपालाच्या दिवशीं पत्त्याचे कागद तेवढे छापून निघतात. आणि संपादन खात्यास वर्गणीदारांची संख्या कळते, नांवें कळत नाहींत.

तिसरी गोष्ट, काय जोडूं नये याची. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाची एक सांथ जगांत पसरली. ती संगणकांतील सर्व कागद कुलुपबंद करी आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांवरही तिचा घाला पडला. एका संगणकांत शिरल्यावर ती ज्या वाटेनें दुसऱ्यांत जाई ती वाट म्हणजे फाइली वांटून घेण्याची हीच सोय, जिच्यासाठीं आपण जाळें बांधतों. त्या दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच वर्षीं मार्चमध्यें प्रसिद्ध केला होता. ज्यांनीं तो वेळीं लावला ते वांचले, ज्यांनीं उद्यांवर टाकला ते सांपडले. यावरून आम्हीं दोन नियम केले. महिन्याचा एक दिवस सर्व यंत्रांच्या डागडुजीस द्यावा, मग अंक कितीही तोंडावर आलेला असो. आणि कचेरींत येणाऱ्या पाहुण्यांच्या दूरध्वनीसाठीं बिनतारी सोय वेगळी असावी. तिच्यावरून जगाशीं बोलतां यावें, आमच्या साठवणयंत्राशीं नाहीं. पाहुण्यास चहा द्यावा, ओसरीवर बसवावें, परंतु माजघरांतून ये-जा करूं देऊं नये, ही रीत कोणास अपमानाची वाटण्याचें कारण नाहीं.

राहिला प्रश्न प्रतींचा. साठवणयंत्रांत दोन तबकड्या आहेत, आणि एकीवर जें लिहावें तें दुसरीवर उमटतें. एक बिघडली तरी दुसरी आहे. तरुणांस हें पुरेसें वाटलें. परंतु चुकून एखादा लेख पुसला गेला तर तो दोहींवरूनही त्याच क्षणीं पुसला जातो, आणि दोन्ही तबकड्या एकाच कोनाड्यांत आहेत हेंही खरें. नदीकांठच्या पेठांत राहणाऱ्यांस याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. १२ जुलै १९६१ च्या सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी ज्या घरांत शिरलें तेथें पहिल्या पेटींतले कागद भिजले व दुसऱ्या पेटींतलेही भिजले. पेट्या किती यास महत्त्व नव्हतें, त्या कोठें होत्या यास होतें. म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व साठ्याची एक प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ती नदीपासून दूर, उंचावरच्या वस्तींत एका सहकाऱ्याच्या घरीं जाते, आणि ती कोणत्याही तारेला जोडलेली राहत नाहीं. तिमाहींतून एकदां त्या प्रतींतून एखादा जुना लेख प्रत्यक्ष परत काढून पाहावयाचा, असाही नियम आहे. कारण जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं ती आहे असें मानणें हा निव्वळ भाविकपणा होय.

येणेंप्रमाणें जाळें उभें राहिलें, आणि त्याचे लाभ आम्ही रोज घेत आहों. ‘खरी अंतिम’ प्रत आतां एकच आहे. तथापि जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही लिहिणें प्राप्त आहे. पूर्वीं मुद्रितें तपासणाऱ्या बाई दिवसांतून तीन-चार वेळां जिना उतरत. खालीं आल्या कीं सहज म्हणत, “त्या लेखांतला सन मला बरोबर वाटत नाहीं,” आणि टपालाच्या टेबलावरील एखाद्या गृहस्थास तो सन पाठ असे. कित्येक चुका अशा जिन्यावर दुरुस्त झाल्या आहेत. जाळें आल्यावर पहिल्या पंधरवड्यांत बाई खालीं उतरल्याच नाहींत. लेख उतरला, त्या उतरल्या नाहींत. कामाची गति वाढली, आणि कचेरी किंचित् मुकी झाली. यावर उपाय म्हणून आम्हीं एक गोष्ट केली. वरच्या मजल्यासाठीं दुसरा प्रिंटर घेण्याइतकी शिल्लक होती. ती दुसऱ्या कामीं लावली, आणि आहे तोच प्रिंटर जिन्याच्या पायथ्याशीं, चहाच्या टेबलाशेजारीं ठेवला. छापलेला कागद घेण्यास प्रत्येकास तेथें यावेंच लागतें, आणि कागद यंत्रांतून बाहेर येईपर्यंत चार शब्द बोलावेच लागतात. जाळ्याच्या शास्त्रांत या व्यवस्थेस स्थान नसेल. आमच्या नकाशावर तिची जागा स्विचच्या जोडीची आहे.

या सर्व उद्योगांतून आम्हांस एक गोष्ट कळून आली ती सांगून लेख पुरा करूं. विश्वास हा शब्द आपण कचेऱ्यांत फार सैलपणें वापरतों. कपाटाला कुलूप नाहीं म्हणजे विश्वास, सर्वांचा परवलीचा शब्द एक म्हणजे विश्वास, असें आपण समजत आलों. पण तो बराचसा न विचारलेला प्रश्न असतो. जाळें बांधतांना तोच प्रश्न प्रत्येक कप्प्यापाशीं थांबून विचारावा लागतो: हें कोणाचें? कोणीं पाहावें? बदललें तर कोणाच्या नांवानें बदलावें? उत्तरें देतांना कोणाचा मानभंग होऊं न देणें हें तार ओढण्याहून अवघड काम आहे, आणि तें कोणत्याही वायरमनकडून करून घेतां येत नाहीं. आमच्या हिशेबनिसांची निवृत्ति येत्या दिवाळीनंतर आहे. त्यांच्या जागीं जो येईल त्यास नवें नांव मिळेल, नवा परवलीचा शब्द तो स्वतः ठरवील, आणि त्याच दिवशीं तिजोरींतला जुना लखोटा न फोडतां जाळून टाकावयाचा, असें त्यांनीं आम्हांकडून कबूल करून घेतलें आहे.